जपानी संभाषणासाठीचा ऑनलाइन तास कसा आखावा?

प्रश्न
नमस्कार. मी पुण्यात राहते आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन३, म्हणजे मधली, पातळी उत्तीर्ण आहे. त्या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसल्यामुळे वाचन आणि श्रवण बरे झाले, पण बोलताना पहिल्याच वाक्याला अडखळते, कारण वाक्य मनात आधी इंग्रजीत जुळते. तीन महिन्यांपासून ओसाकातील एका शिक्षिकांकडे आठवड्यातून दोनदा ५० मिनिटांचा तास घेते. गप्पा आनंदात होतात, परंतु हवामान, जेवण आणि सुट्टी यांच्यापलीकडे जात नाहीत. तासाची आखणी कशी करावी?

उत्तर १
मोकळ्या गप्पांत आपण येणाऱ्या शब्दांतच फिरत राहतो, म्हणून तासाचा निम्मा वेळ तरी एकाच प्रसंगाला द्यावा. समजा, बँकेत खाते उघडताना आलेली अडचण तुम्ही ५ मिनिटे सांगितलीत. त्या वेळी शिक्षिकांनी मध्ये न थांबवता चुका फक्त टिपून ठेवाव्यात, नंतर त्यांतल्या तीनच समजावून द्याव्यात आणि तोच प्रसंग तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगावा. खरी प्रगती या दुसऱ्या खेपेत होते, असा माझा अनुभव आहे. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची दोन मिनिटे शब्दशः लिहून काढा. ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी, हा स्वरांच्या लांबीचा फरक आपल्याकडून किती वेळा निसटतो, ते तेव्हाच कळते. ‘कित्ते’ (टपाल तिकीट) मधले द्वित्त मात्र ‘पत्ता’ म्हणणाऱ्याला जड जात नाही.

उत्तर २
इंग्रजीचा वळसा सोडाच, कारण मराठीची वाट फार जवळची आहे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे, ‘कात्ते ओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणे, ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. ‘किनोऊ कात्ता होन’ हे तर ‘काल घेतलेले पुस्तक’ याच क्रमाने येते. दर तासाला अशी एकच रचना निवडून ती आपल्या प्रसंगात चार-पाच वेळा वापरायची, असे आधीच ठरवा. शिक्षिका ओसाकाच्या आहेत, तेव्हा आघात, म्हणजे शब्दातले स्वरांचे चढउतार, कोणत्या बोलीचे शिकायचे तेही विचारून घ्या. तोक्योत ‘हाशि’चा पहिला स्वर उंच असेल तर अर्थ जेवणाच्या काड्या होतो, ओसाकात त्याच उच्चाराचा अर्थ पूल होतो.

उत्तर ३
शेवटची ५ मिनिटे शिक्षिकांनी बोलावे आणि तुम्ही फक्त ‘आइझुचि’, म्हणजे ऐकताना मधूनमधून दुजोरा, द्यावी. आपण ‘हं’, ‘हो का’ म्हणतो त्याहून जपानी श्रोता पुष्कळ अधिक वेळा दुजोरा देतो, आणि आपण गप्प राहिलो तर ऐकत नाही असे समोरच्याला वाटते. ‘सोऊ देसु का’ (असं का) निर्धास्त वापरा. ‘नारुहोदो’ (अच्छा, आलं लक्षात) मात्र वडीलधाऱ्यांसमोर जपून.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची आभारी आहे. पण वयाने मोठ्या शिक्षिकांना तासाची पद्धत सुचवणे उद्धटपणाचे तर वाटणार नाही ना?

उत्तर १
विनंतीच्या रूपात सांगितल्यास नाही. ‘माचिगाएता तोकोरो ओ, आतो दे नाओशिते इतादाकेमासेन का’, म्हणजे ‘चुकलेल्या जागा नंतर दुरुस्त करून द्याल का’, एवढे म्हणा आणि प्रसंगाचा विषय आदल्या दिवशी लिहून पाठवा, म्हणजे त्यांनाही तयारीला वेळ मिळेल.