उसाची डब्ल्यूटीओ केस हरलो, मग एफआरपी चालू कशी?

ऊसवाला_शिरोळ:
मंडळी, एक गोष्ट नीट समजून घ्यायचीय. आमचा साडेतीन एकर ऊस आहे. परवा सोसायटीत विषय निघाला की ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं 2019 ला डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) ऊस-साखरेच्या सबसिडीवरून भारतावर केस टाकली आणि ती आपण 2021 लाच हरलो, एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा, सरकारनं ठरवलेला किमान भाव) पण त्यात धरलीय. मला खरं वाटेना, घरी येऊन बघितलं तर खरंच निघालं. मग एफआरपी वाढतेय कशी? 2018-19 ला क्विंटलला 275 होती, 2025-26 ला 355 (उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते, त्याचा बेस बदललाय ते सोडा). आणि ती तर कारखाना देतो, सरकारचा रुपया जात नाही, मग सबसिडी कशी म्हणायची?

हिशोबनीस:
दादा, खरी मेख तुमच्या शेवटच्या प्रश्नात आहे. भारतानं पॅनलसमोर (केस ऐकणाऱ्या डब्ल्यूटीओच्या समितीसमोर) हेच मांडलं होतं, की पैसे कारखाने देतात. पॅनलनं मानलं नाही, भाव सरकार ठरवतंय ना, मग पैसे कुणाच्या खात्यातून जातात याला महत्त्व नाही.

आता हिशोब बघा. आजच्या सरकारी भावातून 1986-88 चा ठरवून ठेवलेला आंतरराष्ट्रीय भाव वजा करायचा, त्याला उत्पादनानं गुणायचं, आणि येईल तो आकडा उसाच्या एकूण किमतीच्या 10 टक्क्यांच्या आत पाहिजे (श्रीमंत देशांना 5). समजा तेव्हाचा भाव क्विंटलला 20 रुपये होता, आज जगात 300 आहे आणि सरकारनंही 300 च ठरवला. शेतकऱ्याला जादा काहीच मिळालं नाही, पण कागदावर 280 ची सबसिडी दिसणार! मजुरी, खत, डिझेल कुठल्या कुठं गेलं आणि फूटपट्टी तीच. असं धरून 2014-15 ते 2018-19 पाचही वर्षं आपण मर्यादेबाहेर. हा नियम बदललाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

निर्यातीचं मात्र वेगळं. केस चालू असतानाच 2019-20 साठी 60 लाख टन साखर बाहेर काढायला टनामागं 10,448 रुपये जाहीर केले, अशा मदतीनं जगातला भाव पडतो आणि त्याची झळ दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याला बसते, तिथं समोरच्यांचं म्हणणं मला पटतं.

जिनिव्हा_वाचक:
चालू कशी ते मी सांगतो. निकाल आला 14 डिसेंबर 2021 ला, आणि दहाच दिवसांत भारतानं अपील केलं. पण अपील ऐकायला तिथं कुणी नाही. डब्ल्यूटीओच्या अपील मंडळात सात सदस्य असायला हवेत, एका केसला किमान तीन लागतात, अमेरिकेनं नवीन नेमणुका अडवल्या त्यामुळं डिसेंबर 2019 ला एकच उरला आणि 2020 च्या नोव्हेंबरला तोही गेला. अपील पडून म्हणजे निकाल लागू नाही, आणि निकाल लागू नाही तोवर जिंकणाऱ्याला आपल्या मालावर जादा शुल्क लावून वसुली करता येत नाही. त्या तिन्ही देशांनी आपसात लवादाची वेगळी सोय केलीय, पण भारत त्यात नाही.

ब्रिस्बेनकर:
थोडी इकडची बाजू सांगतो, मी क्वीन्सलँडला 9 वर्षं आहे. बंडाबर्गकडं गेलं की रानातून छोट्या रुळांवर उसाच्या डब्यांची लांबच लांब गाडी जाताना दिसते. इथं एफआरपी नाही, उसाचा दर जागतिक साखरेच्या भावाशी जोडलेला आणि बहुतेक साखर परदेशात जाते, त्यामुळं भाव पडला की थेट शेतकऱ्याच्या बिलात दिसतं. एकानं मला विचारलं तुमच्याकडं घरटी जमीन किती, मी दोन-तीन एकर म्हणालो तर त्यानं परत विचारलं, त्याला वाटलं मी चुकलो. दोघांचंही पोट उसावरच, पण नियम, तो 10 आणि 5 टक्क्यांचा फरक सोडला तर, दोघांना एकाच मापानं मोजतो.

ऊसवाला_शिरोळ:
सगळ्यांचे आभार. म्हणजे ते ऑफिस बंद आहे म्हणून आपण वाचलोय?

जिनिव्हा_वाचक:
सध्या हो. पण उद्या आपण जिंकलो तर समोरचाही हेच करणार. अमेरिकेच्या स्टील-ॲल्युमिनियमवरच्या शुल्काविरुद्ध चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान 2022 च्या डिसेंबरला जिंकले, अमेरिकेनं असंच अपील केलं आणि विषय तिथंच थांबला. मला तरी हे बंद दार आपल्या फायद्याचं वाटत नाही.

ऊसवाला_शिरोळ:
शेवटचं विचारतो. आमच्या बिलातून तोडणी-वाहतूक कापूनच पैसे येतात, तेही 14 दिवसांत यायचे ते गेल्या हंगामात दोन महिन्यांनी आले. मग त्या हिशोबात कुठली रक्कम धरतात, पूर्ण का कापून राहिलेली?

हिशोबनीस:
पूर्ण. सरकारनं जाहीर केलेला भाव धरतात, तुमच्या हातात किती पडले आणि कधी पडले ते नाही.