पन्नाशीनंतर एसीएलचं (गुडघा आतून घट्ट धरणाऱ्या दोरीसारख्या लिगामेंटचं) ऑपरेशन करावं का?

यवतेश्वर_सातारा
नमस्कार मंडळी, वय ५२. रोज सकाळी अजिंक्यतारा चढतो. पावसात उतरताना पाय सरकला, गुडघ्यात कट्ट झालं आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलाय, मेनिस्कसलाही (गुडघ्यातल्या गादीलाही) थोडं लागलंय. आता सूज उतरलीय, सपाटीला चालतो पण जिना उतरताना नाहीतर पटकन वळलो की गुडघा सटकतो. एक डॉक्टर म्हणतात व्यायामावर भागेल, दुसरे म्हणतात लिगामेंट नवीन करून घ्या. घरचे म्हणतात हे खेळणाऱ्या पोरांचं ऑपरेशन. या वयात तरुणांएवढा फरक पडतो का?

कृष्णाकाठ
दादा, मी सांगलीत फिजिओ आहे. नुसत्या वयावर नाही म्हणू नका. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचे गुडघे ऑपरेशननंतर बऱ्यापैकी तरुणांच्या तोडीने घट्ट होतात, उलट नवीन लिगामेंट परत तुटायचं प्रमाण विशीच्या आतबाहेरच्या पोरांत जास्त, कारण ती परत कबड्डीत उतरतात. मोठ्या वयात खरी अडचण कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, झिजल्याची. झिजेचं दुखणं या ऑपरेशनने जात नाही, सटकणं थांबतं. म्हणून आधी सांगा, दुखतंय जास्त का सटकतंय जास्त?
आणि व्यायामाला कमी लेखू नका. स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांवर अभ्यास झालेला, २०१० ला छापून आला, त्यात आधी फक्त व्यायाम दिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलंच नाही.

कराडची_ताई
आमच्या ह्यांचं ४९ व्या वर्षी झालं, मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून लिगामेंटच्या जागी बसवली. आता शेतात बांधावरून बिनधास्त चालतात, पण मांडी घालून जेवायला बसणं अजून जड जातं. पहिले काही आठवडे टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करायचा, डोळ्यात पाणी यायचं त्यांच्या, पण ते चुकवू दिलं नाही मी. भाचा १९ चा, तो मात्र ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यातच कबड्डीच्या मॅटवर उतरला आणि परत तुटला, फार वाईट वाटलं पोराचं.

यवतेश्वर_सातारा
ताई, धीर आला वाचून. कृष्णाकाठ, दुखत जवळपास नाहीच, सटकतंय तेवढं. शुगर आहे, गोळीवर कंट्रोल आहे.

कृष्णाकाठ
मग निदान दोन-तीन महिने मांडीचा पुढचा स्नायू मनापासून कमवा, गुडघा पूर्ण सरळ व्हायलाच पाहिजे. आखडलेल्या, सुजलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर जाम व्हायची भीती असते. एवढं करूनही सटकत राहिला तर थांबू नका, दरवेळी सटकताना मेनिस्कस आणखी फाटू शकतो. शुगरचं सर्जनना आधीच सांगा, जखमेत इन्फेक्शनचा धोका वाढतो त्याने. आणि ऑपरेशन झालंच तर नऊ महिन्यांच्या आत किल्ल्याची उतरण नको. ताई, भाच्यालाही हेच सांगा, नऊ महिने आणि दोन्ही पायांची ताकद मोजून सारखी आल्याशिवाय मॅट नाही.