मदत हवी आहे: कोल्हापूरचे जुने साथीदार शोधतोय

नमस्कार मंडळी. गायक अल्लादियाँ खाँसाहेबांच्या, देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेच्या या गावात १९७०-८०च्या काळात ऑर्केस्ट्रात आणि संगीत नाटकांत वाजवलेल्या वादकांना एका संध्याकाळी एकत्र बसवायचं आहे. आमचे काका क्लॅरिनेट वाजवायचे. परवा त्यांच्या क्लॅरिनेटची पेटी उघडली, तर रीड (फुंकायच्या टोकाला लावायची पातळ पट्टी) अजून सिगारेटच्या चांदीत गुंडाळलेली! त्यांच्या जोडीदारांपैकी तिघंच सापडलेत. ॲकॉर्डियनवाले आजोबा तर दारातच रडले. गायकांची नावं सगळ्यांना पाठ, साथीदारांची कुणी लिहूनच ठेवली नाहीत, हे फार लागतं. तुमच्या घरात, शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत असं कुणी असेल तर त्यांना विचारून मला कळवा. आणि या वयाला जिने चढावे लागणार नाहीत अशी छोटी जागा कुठली?