मदत हवी आहे: एनएचएलची पगार-कॅप, जखमी खेळाडू आणि आमच्या पूलमध्ये झालेलं भांडण

नमस्कार मंडळी,

हॉकी म्हटलं की इथल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान येईल. माझा प्रश्न बर्फावरच्या हॉकीचा आहे, आणि त्यातही खेळापेक्षा हिशेबाचा. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची लीग, नियमित पाहणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारतोय. सीए मंडळींनी वाचलं तर फारच बरं.

मी टोरोंटोजवळ मिसिसागात राहतो. आम्ही नऊ मराठी घरं मिळून गेली पाच वर्षं हॉकीचा पूल, म्हणजे कागदावर संघ मांडून खेळायची स्पर्धा, चालवतोय. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर सगळे जमतात, प्रत्येक जण कागदावर आपला संघ निवडतो, आणि खऱ्या संघांना जेवढी पगाराची मर्यादा, म्हणजे कॅप, असते तेवढीच आम्हीही पाळतो. पैसे लावत नाही. शेवटी जो तळाला राहील त्याने सगळ्यांना घरी जेवायला बोलवायचं, एवढंच. हिशेबाची एक्सेल शीट माझ्याकडे असते.

गेल्या मोसमात आमच्यातल्या एकाने जानेवारीत आपला सर्वांत महागडा खेळाडू 'जखमी' खात्यात टाकला. तो खरोखरच जखमी होता, त्याबद्दल वाद नाही. मोकळ्या झालेल्या रकमेत त्याने दोन चांगले खेळाडू घेतले आणि एप्रिलमध्ये प्लेऑफ सुरू होताच जखमी खेळाडू परत आणला. त्या रात्री त्याच्या संघाची बेरीज कॅपच्या बरीच वर होती. पूल अर्थातच त्याने जिंकला. पुढच्या रविवारी माझ्याच घरी आवाज चढले. चहाचे कप तसेच राहिले, आणि पाच वर्षं माझ्या शेजारी बसून सामने पाहिलेला एक मित्र ग्रुप सोडून गेला. जिंकलेल्याचं म्हणणं एकच: "आपल्या नियमात 'एनएचएलप्रमाणे' असं लिहिलंय. एनएचएलमध्ये हे चालतं." त्यात तो चूक नाही. ते वाक्य मीच लिहिलं होतं.

या वर्षीची निवड ५ ऑक्टोबरच्या रविवारी आहे. त्याआधी मला नियम नीट लिहून काढायचाय.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटींची पर्स होती, तशीच ही कॅप. फरक असा की ती फक्त खरेदीच्या दिवशी पाळायची नसते, मोसमात रोज मोजली जाते. बास्केटबॉलमध्ये जास्त खर्च केला तर कर भरून सुटता येतं, इथे तीही सोय नाही. ही कॅप आणण्यावरून मालक आणि खेळाडूंचं इतकं बिनसलं की २००४-०५ चा अख्खा मोसम रद्द झाला. पुढच्या वर्षी कॅप आली ती ३ कोटी ९० लाख डॉलरची. २०२५-२६ च्या मोसमासाठी ती ९ कोटी ५५ लाख झाली.

खेळाडूचा आकडा मोजतात तो सरासरीने. आठ वर्षांत मिळून ८ कोटी द्यायचे असतील, तर कॅपवर दरवर्षी १ कोटी. त्या वर्षी हातात किती दिले याच्याशी संबंध नाही. मला वाटतं, पहिली पळवाट इथूनच निघाली. २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सनी इल्या कोवालचुकला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार दिला. त्यातले ९ कोटी ८५ लाख पहिल्या ११ वर्षांतच द्यायचे होते. उरलेल्या सहा वर्षांत मिळून फक्त ३५ लाख. करार संपताना तो ४४ वर्षांचा झाला असता. त्या वयापर्यंत तो खेळणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटची वर्षं केवळ सरासरी खाली ओढायला जोडलेली. लीगने करार फेटाळला, लवादाने लीगची बाजू उचलून धरली, नंतर १५ वर्षांचा सुधारित करार झाला आणि संघाला दंडही बसला. कोवालचुक तर २०१३ मध्येच एनएचएल सोडून रशियाला परतला.

मला हे आजही खटकतं. कारण त्या कागदावर जे लिहिलं होतं, ते खरं होईल असं लिहिणाऱ्यालाही वाटत नव्हतं.

पण त्यावर लीगने जे केलं तेही मला पटत नाही. मालक आणि खेळाडूंमधल्या २०१३ च्या करारात खेळाडूच्या कराराची कमाल लांबी ठरवली, ते ठीक. पण खेळाडू लवकर निवृत्त झाला तर वाचलेली कॅप वसूल करायची, हा नियम जुन्या करारांनाही लावला. व्हँकुव्हरने रॉबर्टो लुओंगोला १२ वर्षांचा करार दिला तेव्हा लीगनेच तो मंजूर केला होता. लुओंगो २०१९ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा तो फ्लोरिडाकडून खेळत होता. तरी व्हँकुव्हरच्या कॅपवर पुढची तीन वर्षं दरसाल सुमारे ३० लाख डॉलर बसले. आज परवानगी द्यायची आणि मागाहून शिक्षा करायची, असं आमच्या पूलमध्ये मला होऊ द्यायचं नाही. म्हणूनच गेल्या वर्षीचं जेतेपद काढून घ्यायला मी नकार दिला. मित्र गेला तो त्यावरून.

आता जखमी खेळाडूंचं. किमान १० सामने आणि २४ दिवस बाहेर राहणाऱ्या खेळाडूला दीर्घ दुखापतीच्या यादीत, म्हणजे एलटीआयआरवर, टाकता येतं आणि संघाला कॅपमध्ये सवलत मिळते. आणि इतकी वर्षं प्लेऑफमध्ये कॅप मोजतच नव्हते. २०१५ मध्ये शिकागोच्या पॅट्रिक केनचं गळपट्टीचं हाड मोडलं. संघाने त्या जागेत खेळाडू घेतले, केन पहिल्या प्लेऑफ सामन्याला हजर झाला आणि शिकागोने स्टॅनले कप, म्हणजे लीगचं जेतेपद, जिंकलं. टँपा बेचा निकिता कुचेरॉव खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०२०-२१ चा पूर्ण साखळी मोसम बाहेर होता. कॅपवर त्याचे ९५ लाख. प्लेऑफमध्ये परतला, ३२ गुण मिळवले, कप जिंकला आणि जल्लोषात 'कॅपच्या वर १ कोटी ८० लाख डॉलर' अशा मजकुराचा टीशर्ट घालून फिरला. २०२३ मध्ये व्हेगसचा मार्क स्टोन पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तसाच परतला आणि कप जिंकून देणाऱ्या सामन्यात त्याने तीन गोल केले.

या तिघांच्याही दुखापती खऱ्या होत्या. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला मी खोटारडा म्हणणार नाही. प्रश्न परतण्याच्या तारखेचा आहे, आणि ती तारीख बाहेरच्या कोणालाच तपासता येत नाही.

तर मला दोन गोष्टींत मदत हवी आहे.

पहिली म्हणजे समजून घेण्यासाठी. जो खेळाडू पुन्हा कधी खेळणारच नाही, त्याचा करार एखादा संघ मुद्दाम का घेतो? २०१५ मध्ये आमच्या टोरोंटोने डेव्हिड क्लार्कसन देऊन कोलंबसचा नेथन हॉर्टन घेतला, ज्याची पाठ कायमची गेली होती. ते कळतं, कारण क्लार्कसनचा करार गळ्याशी आला होता. पण २०१९ मध्ये त्याच क्लार्कसनला, तोही आता खेळू शकत नसताना, टोरोंटोने व्हेगसकडून परत आणलं! ५२ लाख ५० हजारांचा आकडा अंगावर घ्यायचा आणि तेवढीच सवलत मिळवायची, तर हाती उरलं काय? एक्सेलमध्ये तीनदा मांडून पाहिलं, उत्तर शून्य येतं.

दुसरी मदत नियमाची. जखमी खेळाडू असणाऱ्यावर अन्याय होऊ नये आणि गेल्या वर्षीसारखंही होऊ नये, असं एका वाक्यात कसं लिहावं?

——————

प्रतिसाद:

क्लार्कसनच्या बाबतीत तुमचं गणित एका ठिकाणी अडलंय. एलटीआयआरने मिळणारी सवलत खेळाडूच्या आकड्याएवढी नसते. त्या दिवशी तुमच्याकडे जेवढी कॅप शिल्लक असेल, तेवढी त्यातून वजा होते.

तुमच्याच पूलची कॅप घ्या, ९५५ लाख. समजा संघाची बेरीज ९२५, त्यात ८० लाखांचा एक जखमी. शिल्लक ३०. आज त्याला यादीत टाकलंत तर सवलत ८० नाही, ५० मिळेल. म्हणजे मर्यादा १००५. त्यातले ८० जखमीचे, बाकीच्यांसाठी उरले ९२५. तुमचे ३० लाख वाया गेले.

आता त्याच दिवशी कुठून तरी बरोबर ३० लाखांचा, न खेळणारा खेळाडू आणा. बेरीज झाली ९५५, शिल्लक शून्य. दोघांना यादीत टाका. सवलत ११०, मर्यादा १०६५. दोन जखमींचे ११० काढा, खेळणाऱ्यांसाठी पूर्ण ९५५ उरतात. न खेळणाऱ्या माणसाने तुमचे ३० लाख वाचवले. तो खेळाडू म्हणून नको असतो, फट बुजवायला हवा असतो. शिवाय क्लार्कसनसोबत व्हेगसने टोरोंटोला ड्राफ्टची, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपाची, चौथ्या फेरीची निवडही दिली होती, बदल्यात एक गोलरक्षक घेतला. टँपानेही २०२० च्या डिसेंबरात ओटावाकडून दोन न खेळणारे करार घेतले, ते याच वर्गातले.

हॉर्टनबद्दल एक राहिलं. त्याच्या कराराला विमा नव्हता. कोलंबसला घरी बसलेल्या माणसाला पूर्ण पगार खिशातून द्यावा लागत होता, आणि टोरोंटोला पैशाची ददात नव्हती. तो व्यवहार श्रीमंत आणि गरीब संघांमधला होता.

——————

प्रतिसाद:

वरच्या उत्तरात दुसरं टोक राहिलं. कॅपला जसं छत असतं तशी जमीनही असते, त्याखाली खर्च करता येत नाही. ॲरिझोनाकडे पैसा कमी, म्हणून ते असे करार शोधायचे ज्यात कॅपवर आकडा मोठा आणि प्रत्यक्ष देणं नगण्य. २०१६ मध्ये पावेल दात्सुक रशियाला परत निघाला होता. डेट्रॉइटच्या कॅपवर त्याचे ७५ लाख अडकले होते. ॲरिझोनाने तो आकडा स्वतःकडे घेतला, आणि त्या सौद्यात ड्राफ्टमध्ये २० व्या जागेवरून १६ व्या जागेवर गेले. दात्सुक तिथे एक दिवसही खेळला नाही. क्रिस प्रॉंगरचा करार फिलाडेल्फियाकडून ॲरिझोनाकडे गेला तेव्हा तर तो लीगच्याच खेळाडू-सुरक्षा विभागात काम करत होता, आणि दोनच दिवसांत त्याची हॉल ऑफ फेमसाठी निवड जाहीर झाली.

तुमच्या नियमाबद्दल: आता लीगनेच उत्तर दिलंय. २०२५-२६ पासून प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात जे २० खेळाडू उतरतील, त्यांची बेरीज कॅपच्या आत हवी. आणि जखमी खेळाडू त्याच मोसमात परतणार असेल, तर मिळणारी सवलत लीगच्या आदल्या वर्षीच्या सरासरी पगारापुरती, म्हणजे २०२५-२६ साठी साधारण ३८ लाख. त्या खेळाडूसाठी मोसम पूर्ण संपला असेल तरच संपूर्ण सवलत. तुम्ही पहिला भाग तसाच उचला. तारीख तपासायची गरजच पडत नाही. खेळाडू हवा तेव्हा परत आणा, पण त्या रात्री कोणाला तरी बसवावं लागेल.

——————

धागालेखक:

दोघांचेही मनापासून आभार. पहिलं उदाहरण रात्री शीटमध्ये घालून पाहिलं, '३० लाख वाया' ज्या रकान्यात दिसतात तिथे आता पिवळा रंग भरलाय. माझी चूक अशी होती की मी प्रत्येक वेळी संघ कॅपला टेकलेलाच धरत होतो, म्हणून उत्तर शून्य यायचं.

नियम असा लिहिलाय: 'प्लेऑफच्या ज्या रात्री जे २० खेळाडू मांडाल, त्या रात्री त्यांची बेरीज कॅपच्या आत असली पाहिजे; जखमी खेळाडू कधीही परत आणता येईल.' हा नियम या मोसमापासून लागू, मागच्या निकालाला नाही, हेही त्याखाली लिहिलंय. ३८ लाखांचं कलम सोडून दिलं. आमच्यात ते लक्षात कोण ठेवणार.

गेल्या वर्षी जिंकलेल्याला पाठवला, त्याने लगेच होकार कळवला. ग्रुप सोडून गेलेल्या मित्राला मेसेज केला नाही, फोन केला. बराच वेळ बोललो. तो म्हणाला, त्याला राग जेतेपदाचा नव्हता. त्याने डिसेंबरात मला विचारलं होतं की प्लेऑफमध्ये कॅप मोजणार का, आणि मी 'बघू' म्हणालो होतो. मला ते आठवतही नव्हतं. मी माफी मागितली. ५ तारखेला तो येतोय.

एकच गोष्ट राहिली आहे, जाणकारांनी सांगावं. फट बुजवण्यासाठी आपसांत जखमी खेळाडूंची अदलाबदल चालू ठेवावी की बंद करावी? मला ती चालू राहावी असं वाटतं, कारण त्यात खोटं काही नाही आणि तळाच्या संघालाही बदल्यात काही तरी मिळतं. पण नऊ घरांत दोन घरं सख्ख्या भावांची आहेत, आणि ते एकमेकांना फुकट देतील अशी भीती बाकीच्यांना आहे. तुमच्या पूलमध्ये याला काही मर्यादा घातली असेल तर कशी घातली, ते कृपया लिहा.