‘आरोप निश्चित झाले’ म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न
आमच्या नात्यातल्या एका मुलावर खटला चालू आहे. गेल्या आठवड्यात पेपरात बातमी आली, ‘आरोप निश्चित’. मावशीचा रडत फोन, “म्हणजे त्यानंच केलं हे नक्की झालं ना गं?” वकिलांशी बोलून तिची समजूत घातली, पण माझा प्रश्न राहिलाच. आरोपपत्र, दोषारोपपत्र, आरोप निश्चिती हे सगळं एकच का?

प्रतिसाद १
मावशींचं काही चुकलं नाही. रोजच्या बोलण्यात ‘निश्चित’ म्हणजे खात्रीचं. इथला ‘निश्चित’ मात्र ‘तारीख निश्चित केली’ मधला आहे, ठरवली या अर्थाचा. कोणत्या आरोपांना उत्तर द्यायचं एवढंच ठरतं.

आरोपपत्र आणि दोषारोपपत्र एकच. ते पोलीस दाखल करतात. तपासात जमलेले जबाब, पंचनामे, वैद्यकीय अहवाल असा तो गठ्ठा असतो. आरोप निश्चित करतं ते न्यायालय. मी फौजदारी वकिली करतो, त्यामुळे हा प्रसंग अनेकदा पाहिला आहे. न्यायाधीश आरोपीला उभं करतात, कलमं आणि घटना त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवतात आणि विचारतात, “गुन्हा कबूल आहे का?” तो “कबूल नाही” म्हणतो, खाली त्याची सही होते. तोवर एकही साक्षीदार पिंजऱ्यात आलेला नसतो. खटला तिथून पुढे चालतो.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. सत्र न्यायालयाच्या खटल्यांत आरोपावरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत आरोप निश्चित करावेत, अशी मुदत तिच्यात घातली आहे. टप्पा मात्र जुनाच.

प्रतिसाद २
याच टप्प्यावरचा एक सुंदर शब्द म्हणजे ‘सकृद्दर्शनी’. छापताना बरेचदा ‘सकृतदर्शनी’ होतो, ते चूक. सकृत् म्हणजे एकदा. सकृत् + दर्शन, संधीने ‘सकृद्दर्शन’. एकदा पाहताच जे दिसतं ते. आरोप ठेवताना न्यायाधीश एवढंच बघतात, की कागद पाहता खटला चालवण्याजोगं काही आहे का. पुरावा खरा की खोटा, हे तेव्हा तोलायचं नसतं. शिक्षेसाठी लागतो तो ‘वाजवी संशयापलीकडचा’ पुरावा. या दोन शब्दांच्या मधे अख्खा खटला असतो, आणि मथळ्यात नेमकं तेच अंतर पुसलं जातं याचा मला खरोखर त्रास होतो. ‘आरोप ठेवले’ हा साधा, जुना शब्दप्रयोग असताना ‘निश्चित’ कशाला हवं?

प्रश्नकर्ती
‘आरोप ठेवले’ मावशीला लगेच कळलं! मग आरोपमुक्त आणि निर्दोष यांत फरक काय?

प्रतिसाद १
वेळेचा. कागदांत दमच नसेल, तर न्यायालय आरोप न ठेवताच सोडतं. तो आरोपमुक्त झाला. साक्षीपुरावे होऊन गुन्हा शाबीत झाला नाही, तर निर्दोष मुक्तता. ‘दोषमुक्त’ दोन्हीकडे वापरलेला दिसतो, म्हणून मी तो टाळतो. आणि जामिनावर सुटणं या दोन्हींत बसत नाही. खटला चालूच असतो.

प्रतिसाद ३
जामीन निघालाच आहे म्हणून लिहितो. मूळ अरबी शब्द माणसासाठी आहे, हमी घेणारा तो जामीन. ‘मी त्याला जामीन राहिलो’ मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. पुढे ‘जामीन मिळाला’ म्हणत म्हणत तो शब्द सुटकेलाच चिकटला आणि माणसाला ‘जामीनदार’ म्हणायची वेळ आली. जातमुचलक्यातल्या ‘जात’चा मात्र जातिव्यवस्थेशी काही संबंध नाही. ‘जातीने हजर राहिले’ मधली ती जात, म्हणजे स्वतः. आरोपीनं स्वतः लिहून दिलेला करार तो जातमुचलका.

प्रश्नकर्ती
त्या मुलाच्या आदेशात ‘जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ असं आहे. मुचलका त्याचा स्वतःचा, जामीनदार माझे काका. आता वाचलं की कळतं कोणी काय लिहून दिलंय ते.