अनुभव धागा: हल्ल्याच्या आधीचे दिवस

२७ जून २०२३. पुण्यात सदाशिव पेठेत, भर सकाळी कॉलेजच्या मुलीमागे कोयता घेऊन धावणारा पोरगा. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. तिला वाचवलं ते स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी. बातमी कोयत्यापासून सुरू होते. त्याआधीचे महिने कुणी विचारत नाही. तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या बाबतीत आधी काय काय घडलं होतं आणि तेव्हा आजूबाजूचे काय म्हणाले, ते लिहा. नावं, कॉलेजं नकोत.

पारिजात
१९९० साली उल्हासनगरला परीक्षेच्या वर्गात शिरून दहावीच्या मुलीला जाळलं, तेव्हा मी कल्याणला दहावीलाच होते. पुढच्या पेपरांना बाबा रजा टाकून शाळेच्या फाटकाशी उभे. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्याच वर्षी एकजण स्टेशनपासून रोज माझ्या मागे यायचा, ते मी घरी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर अकरावीला घातलंच नसतं.

कृष्णाकाठ
सांगली, १९९८. भर रस्त्यात एका मुलीला चाकूने मारलं. महिनाभर आम्ही मुली घोळक्याने ये-जा करायचो. मग घोळका पातळ होत गेला.

अबोली
२०१६. एसटी स्टँडपासून कॉलेजपर्यंत मागे बाईक. सरांना सांगितलं, तर "तू लक्ष देऊ नकोस, आपोआप कंटाळेल." आई म्हणाली ओढणी नीट घे. चार महिन्यांनी त्याने स्कूटी अडवली आणि दंडावर ब्लेड ओढलं. अकरा टाके. जबाब घेताना पहिला प्रश्न: "आधीपासून ओळख होती का?"
ब्लेडच्या आधीच तक्रार करायला हवी होती, असं अजूनही लोक ऐकवतात. तर ऐका. पाठलागाचं ३५४-ड कलम २०१३ला आलं (आता न्यायसंहितेत ७८), पण पहिल्या खेपेला ते जामीनपात्र. माझ्याच वर्गातल्या एकीने तक्रार केली होती. तिसऱ्या दिवशी तो त्याच टपरीवर चहा पीत होता, तिच्याकडे बघत. तिने कॉलेज सोडलं, त्याने नाही.

वाटसरू
मुलांचं चालेल का? हॉस्टेलवर सिनियर रात्री उठवून पट्ट्याने मारायचे. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९पासून आहे, माझं वर्ष २००४. रेक्टर म्हणाले, "याने पोरं घट्ट होतात." उजव्या कानाला अजून कमी ऐकू येतं.

निनावी
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणून रोजचा आयडी वापरत नाहीये. आमच्या ग्रुपमधला एकजण एका मुलीच्या मागे होता. ती वर मान करून बघायचीही नाही. ती दिसली की आम्ही "ए, वहिनी आली रे" म्हणून ओरडायचो. ती नाही म्हणाली तेव्हा "भाव खातेय, सोडू नको" हे आम्हीच सांगितलं. त्याच्या बॅगेत चाकू होता हे खरंच माहीत नव्हतं. ती वाचली. पोलिसांनी आम्हाला साक्षीला बोलावलं, तेव्हा सगळे म्हणालो, तो एकटाच असायचा, आम्हाला काही कल्पना नाही.
तिच्या क्लासची वेळ त्याला मी सांगितली होती.