'एस अटर्नी' पुन्हा खेळताना तपास रटाळ वाटतो का?

सांजवात
(रहस्यभेद आहे. खेळला नसाल तर पुढे वाचू नका.)
कॅपकॉमच्या 'एस अटर्नी' या वकिली व्हिडिओ गेम मालिकेचे पहिले तीन गेम पुन्हा खेळायला घेतले, २०१९ च्या एकत्र संचातून. पहिल्या वेळी रात्र रात्र जागलो होतो. या वेळी तपासाचा भाग आला की जीव मेटाकुटीला येतो.

कोर्ट आजही तसंच पकडतं. साक्षीदाराचं एकेक वाक्य ऐकायचं, खोट हेरायची, नेमका पुरावा पुढे करायचा. 'ऑब्जेक्शन!' झालं की संगीत तुटतं आणि अंगावर काटा येतो. पण त्याआधी चार-पाच जागी चकरा मारायच्या, सगळ्यांना सगळं विचारायचं, आणि तरी गाडी अडलेली, कारण कुणाला तरी एखादी वस्तू दाखवायची राहिलेली असते. दुसऱ्या गेममधलं सर्कशीचं प्रकरण तर नकोसं झालं. खुनी ठाऊक, पद्धत ठाऊक, तरी मो विदूषक आणि बोलक्या बाहुलीवाला बेन यांच्यामागे हिंडत बसा. माझ्या मते हे तपास निम्मे करायला हवे होते.

कंदील
साफ असहमत. दुसऱ्यांदा खेळताना खरी मजा तपासातच आहे.

त्याच गेमचं शेवटचं प्रकरण आठवा. कोठडीतल्या भेटीत आपला वकील नायक फिनिक्स त्याच्या अशील मॅट एनगार्डला थेट विचारतो, खून तू केलास का? तो नाही म्हणतो आणि एकही सायकी-लॉक (कुणी मनात काही लपवत असेल तर दिसणारं कुलूप) दिसत नाही. म्हणजे खोटं बोलत नाहीये. पहिल्यांदा मी सुटकेचा श्वास टाकला होता. दुसऱ्यांदा तोच प्रसंग बघताना हात गार पडले. तो खरंच बोलतोय. खून त्याने केला नाही, सुपारी दिली होती. हे कळायला सावकाश बोलणंच लागतं. तपास निम्मा केलात तर पहिला बळी असलेच प्रसंग जातील.

तळटीप
मला वाटतं प्रश्न लांबीचा नाही, मुदतीचा आहे. पहिल्या गेमचं चौथं प्रकरण बघा. त्यातही तलावाकाठी भरपूर भटकंती आहे, पण कंटाळा येत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या 'डीएल-६' नावाच्या प्रकरणातल्या खुनाचा खटला भरायची मुदत २८ डिसेंबरला संपतेय आणि खटलाही त्याच दिवसापर्यंत आलाय. पोपटाकडून तिजोरीचा आकडा कळतो, १२२८. ती तारीखच आहे!

आणि ही मुदत लेखकाने सोयीसाठी चिकटवलेली नाही. गेम आला २००१ साली. तेव्हा जपानमध्ये खुनाचा खटला भरायला १५ वर्षांचीच मर्यादा होती. २००५ पासून ती २५ झाली आणि २०१० साली उठली. तिथल्या खेळाडूला ते घड्याळ खरं वाटलं असणार. सर्कशीला असं घड्याळच नाही, म्हणून ती लांबते.

शिवाय कोर्टही काही नेहमी चपळ नसतं. निन्टेन्डो डीएस या हातातल्या गेमयंत्रासाठी २००५ मध्ये पहिल्या गेमला जोडलेल्या पाचव्या प्रकरणात ती एकच चित्रफीत किती वेळा बघायची!

सांजवात
एनगार्डचं पटलं, तो प्रसंग मी विसरलोच होतो. मुदतीचंही पटलं. पण घड्याळ नसेल तर दुसरं काहीतरी द्यायला नको का? याच मालिकेतल्या 'ग्रेट एस अटर्नी'त ते केलंय. लंडनच्या तपासात गुप्तहेर हर्लॉक शोम्स भराभर तर्क मांडतो, ते चुकतात, आणि नायक र्‍युनोस्केने ते दुरुस्त करायचे. तपासाच्या मधोमध छोटं कोर्टच. ते मी तीनदा खेळलो, एकदाही कंटाळलो नाही.

कंदील
शोम्स मलाही प्रिय आहे. पण त्या गेममधली संभाषणं जुन्या तिन्हींपेक्षा लांब आहेत, आणि पहिल्या भागातले कितीतरी धागे दुसऱ्या भागापर्यंत लोंबकळतात. जपानमध्ये मूळ भाग २०१५ आणि २०१७ चे, म्हणजे मधे दोन वर्षं थांबायचं. तिथे तुम्ही माफ करता आणि सर्कशीला नाही, हे काही बरोबर नाही.

सर्कस टाकून देण्याआधी तिथला खुनी कसरतपटू ॲक्रो याच्या खोलीतली भेट एकदा परत खेळा. चाकांच्या खुर्चीत बसलेला, अंगाखांद्यावर पाखरं. तो सर्कसमालकाबद्दल मायेने बोलतो, ते पहिल्यांदा मी ढोंग समजले होते. ते ढोंग नाही. त्याला मारायचं होतं मालकाच्या मुलीला, रेजिनाला, आणि मेला तो, ज्याने त्याला लहानाचं मोठं केलं.

सांजवात
ती भेट मी या वेळी बटण दाबत पळवली होती. आज रात्री तिथूनच परत सुरू करतो.